चार रॅम, जुना यूपीएस आणि तीनदा मारलेला फॉरमॅट

पत्र: सर, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मला अरे-तुरेच करा. महिन्याभरापूर्वी स्वतः पीसी असेंबल केला. रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड, आरटीएक्स ४०७०, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ७५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकतोय म्हणून रॅम ६४ जीबी घेतली: डीडीआर५ ६०००, १६-१६च्या दोन जोड्या. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे बायोसमध्ये एक्स्पो, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने चालवायची सेटिंग, चालू केलं. पहिल्या दिवसापासून ब्लू स्क्रीन येतोय, दर वेळी नाव वेगळं. मेमरी मॅनेजमेंट, आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, पेज फॉल्ट. गूगल करून डोकं फिरलं. गेम अचानक बंद होऊन डेस्कटॉप दिसतो. मोठी झिप फाइल सोडवताना सीआरसी एरर येतो. तीनदा फॉरमॅट मारला, तिसऱ्यांदा तर विंडोज टाकतानाच ‘फाइल करप्ट’ म्हणून अडकलं. शिवाय संध्याकाळी गेम खेळताना कधी कधी निळा पडदा न येताच पीसी फटकन बंद होऊन पुन्हा चालू होतो. पीसी बाबांच्या दुकानातल्या जुन्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर लावलाय. ज्यांच्याकडून पार्ट घेतले ते म्हणतात, माल ओके आहे, विंडोज नवी टाक. मित्र म्हणतो, इंटेल घ्यायला हवा होतास. बाबा काहीच म्हणत नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं. ग्राफिक कार्ड बदलून मागू का?

उत्तर:

ग्राफिक कार्डाला हात लावू नकोस. आणि चौथ्यांदा फॉरमॅट तर एवढ्यात अजिबात मारू नकोस.

तुझ्या पीसीची दुखणी दोन आहेत आणि ती एकाच वेळी उपटल्यामुळे सगळ्यांचाच गोंधळ उडालाय. ब्लू स्क्रीन, गेम बंद पडणं, झिप न सुटणं, विंडोज टाकताना अडकणं हे सगळं एका घरातलं. तिथे माझा संशय चार रॅम आणि एक्स्पोवर आहे. संध्याकाळचा फटकन होणारा रिस्टार्ट वेगळा. तिथे संशय यूपीएसवर. दोन्हींचं औषध एकत्र करायला गेलास तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही, म्हणून आधी पहिलं निस्तरू.

ब्लू स्क्रीनवरचं नाव दर वेळी बदलतं, ही तुझ्या पत्रातली सगळ्यांत कामाची ओळ. ड्रायव्हर खराब असला की तो बहुतेक वेळा एकाच पद्धतीने मान टाकतो: तेच नाव, तीच फाइल, तेच निमित्त. एनव्हिडियाचा ड्रायव्हर फसला तर ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ हे अगडबंब नाव पुन्हा पुन्हा समोर येतं. रॅमचं तसं नसतं. तिथे एखादा बिट कुठेही उलटतो. तो विंडोजच्या स्वतःच्या हिशेबात उलटला तर मेमरी मॅनेजमेंट, ड्रायव्हर वापरत असलेल्या पत्त्यात उलटला तर आयआरक्यूएल, गेमच्या डेटात उलटला तर गेम गुपचूप गायब. आणि सेव्ह होत असलेल्या ब्लेंडरच्या फाइलमध्ये उलटला तर तुला कळणारही नाही; पुढे कधीतरी ती फाइल उघडणार नाही, एवढंच. ब्लू स्क्रीनची डम्प फाइल उघडून दाखवणारी प्रोग्रॅम्स अशा वेळी ‘एनटीओएसकर्नल’ला दोषी धरतात आणि लोक ती फाइल ‘रिपेअर’ करायच्या मागे लागतात. ती विंडोजचा गाभा आहे. मेमरीने घोटाळा केला की पंचनामा तिच्या दारात होतो.

सीआरसी एररने तर जवळजवळ कबुलीच दिली आहे. झिप फाइलमध्ये प्रत्येक फाइलसोबत एक पडताळणीचा आकडा ठेवलेला असतो. फाइल सोडवल्यावर तो पुन्हा काढून जुळवला जातो. नाही जुळला की एरर. आता हे करून बघ: तीच झिप तीन-चारदा सोडव. दर वेळी त्याच फाइलवर अडकत असेल तर डाउनलोड अर्धवट झालं असेल. पण कधी या फाइलवर, कधी त्या फाइलवर आणि एखाद्या वेळी चक्क नीट सुटत असेल, तर झिप चांगली आहे आणि ती जिच्यातून जाते ती मेमरी बेभरवशाची आहे.

फॉरमॅटने काही साधलं नाही तेही याच कारणाने. विंडोज टाकताना पेन ड्राइव्हवरच्या दाबून बसवलेल्या फाइली रॅममध्ये सोडवल्या जातात आणि तिथून एसएसडीवर लिहिल्या जातात. रॅम चुकत असेल तर विंडोज जन्मापासूनच चुकीची लिहिली जाते. पहिले दोन फॉरमॅट ‘यशस्वी’ झाले असं तुला वाटलं. आत काय काय वेडंवाकडं बसलंय कोण जाणे. तिसऱ्या वेळी निदान ते तोंडावर सांगितलं गेलं.

आता खोक्यावरच्या त्या ६००० विषयी. हे जरा नीट समजून घे, कारण व्हिडिओवाले इथून भर्रकन पुढे जातात. तुझ्या प्रोसेसरसाठी एएमडीने स्वतः जाहीर केलेला मेमरीचा वेग दोन स्टिक असताना ५२०० आहे आणि चार स्टिक असताना ३६००. खोक्यावरचा ६००० हा रॅम बनवणाऱ्या कंपनीचा आकडा. ती जोडी त्या वेगाला चालते असं त्यांनी तपासलेलं असतं, तेही डीडीआर५च्या मूळ १.१ व्होल्टऐवजी वाढीव व्होल्टेज देऊन. ६०००च्या जोड्यांना बहुधा १.३५ लागतं. हे सगळे आकडे स्टिकवरच्याच एका छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेले असतात. एक्स्पो चालू करणं म्हणजे बायोसला सांगणं, की ते आकडे वाच आणि तसं चालव. एका क्लिकमध्ये होत असलं तरी ते ओव्हरक्लॉकिंगच आहे.

दोन स्टिकवर ६००० सहसा बिनबोभाट चालतं, त्यामुळे व्हिडिओवाल्याचं अगदीच चुकलं असं नाही. चार स्टिकवर गणित बदलतं. तुझ्या बोर्डावर स्लॉट चार असले तरी मेमरीच्या वाटा दोनच आहेत आणि प्रत्येक वाटेवर तू दोन-दोन स्टिक बसवल्यास. एकाच वाटेवर दोन स्टिक आल्या की सिग्नल गढूळ होतो, आणि तो निवळून घ्यायचं काम प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरला करावं लागतं. ३६००ला तो ते आरामात करतो, ६०००ला त्याची दमछाक होते. त्यात तुझ्या दोन जोड्या वेगवेगळ्या खोक्यांतल्या. कंपनी एक, मॉडेल एक, तरी चौकडी म्हणून त्या चार जणींची एकत्र परीक्षा कोणीच घेतलेली नाही.

‘डीडीआर५मध्ये तर ईसीसी, म्हणजे चुका आपोआप दुरुस्त करायची सोय, असते ना?’ असंही कोणीतरी तुला ऐकवेल. असते, पण चिपच्या आतल्या आत. चिप ते प्रोसेसर या प्रवासात जे बिघडतं, ते तिला दिसत नाही, आणि तुझं बिघडतंय ते बहुतेक याच प्रवासात.

म्हणूनच दुकानदार खोटं बोलतोय असंही मला वाटत नाही. काउंटरवर त्याने एक स्टिक लावली असेल, एक्स्पोशिवाय ती बहुधा ४८००ला चालली असेल, विंडोज उघडली, ओके. त्याच्यापुरतं ते खरंच आहे. तुझा प्रत्येक पार्ट चांगला असू शकतो आणि तरी पीसी कोसळू शकतो. हे पचायला जड जातं, कारण बदलून मागायला हातात काहीच राहत नाही.

आज रात्री काय करायचं ते सांगतो.

पीसी बंद कर, एसएमपीएसच्या मागचं बटण बंद कर, वायर काढ. पॉवरचं बटण दोन-चार सेकंद दाबून धर म्हणजे आत साठलेली वीज उतरेल. कॅबिनेट उघडल्यावर आधी त्याच्या उघड्या लोखंडाला हात लाव. दोन स्टिक काढून बाजूला ठेव. कुठल्या दोन, ते महत्त्वाचं. खोक्यांवरून जोड्या ओळखू येत नसतील तर स्टिकवरचे सिरीयल नंबर बघ, एका जोडीचे बहुधा लागोपाठचे असतात. एका जोडीवर पेन्सिलने खूण करून टाक. उरलेली जोडी प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसव. बोर्डावर त्यांची नावं ए२ आणि बी२ अशी छापलेली असतील. पुष्कळ बोर्डांवर स्लॉटची कडी एकाच बाजूला असते आणि दुसरं टोक नुसतं खोबणीत बसतं. कडीच्या बाजूने ‘टक’ आवाज आला की लोक थांबतात आणि दुसरं टोक केसभर वर राहतं. दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाब आणि आडवा टॉर्च मारून बघ, सोनेरी पट्टी कुठे डोकावत नाही ना.

मग बायोसमध्ये जाऊन ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’. एक्स्पो बंद. पीबीओ, कर्व्ह ऑप्टिमायझर असलं प्रोसेसरचा वेग-व्होल्टेज बदलणारं काही कोणाचं बघून लावलं असशील तर तेही यातच पुसलं जाईल. कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज कमी करून ठेवलेला पीसी गेममध्ये तासन्‌तास चालतो आणि नुसता ब्राउझर उघडा असताना पडतो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

सेव्ह केल्यावर पडदा काळा राहील. घाबरू नकोस. बोर्डाच्या कडेला बारीक दिवे असतील तर त्यातला ‘डीरॅम’ लिहिलेला पेटून राहील. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात: बोर्ड प्रत्येक स्टिकशी जुळवून घेत असतो. डीडीआर५वर याला काही मिनिटं लागतात, चार स्टिक असतील तर दहा मिनिटंही जातात. या वेळात पॉवरचं बटण दाबून ‘बोर्ड गेला’ म्हणत दुकान गाठणारे पुष्कळ आहेत. तू चहा घे.

पीसी उठला की दुसऱ्या कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून घे, फुकट मिळतं. तुझ्या स्वतःच्या पीसीवर ते बनवू नकोस, कारण ज्याच्या मेमरीवर संशय आहे त्याच्याच हातून परीक्षेची प्रश्नपत्रिका लिहून घेण्यात अर्थ नाही. पेन ड्राइव्हवरून बूट कर आणि रात्रभर चालू ठेव. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात, ३२ जीबीला तेवढ्यात बरेच तास जातात. सकाळी लाल ओळी दिसल्या तर रॅम नापास. एक चूक असली तरी नापासच. ‘लाखो वेळा तपासून एकदाच चुकली’ असा हिशेब इथे चालत नाही. आणि पहिल्या फेरीत पास झाली म्हणून थांबूही नकोस. गरम झाल्यावर चुकणारी मेमरी पुढच्या फेऱ्यांत सापडते.

पास झाली, तर दुसरी रात्र: तीच जोडी, एक्स्पो चालू करून. तिसरी रात्र: खूण केलेली दुसरी जोडी, एक्स्पो चालू. दोन्ही जोड्या एकेकट्या ६०००ला पास झाल्या आणि चौघी एकत्र नापास झाल्या, तर माझा तर्क बरोबर आणि तुझा सगळा माल शाबूत. एखादी जोडी एक्स्पो बंद असतानाही चुका दाखवत असेल, तर तिच्यातली एकेक स्टिक ए२ स्लॉटमध्ये एकटी लावून तपास. चूक स्टिकच्या मागे मागे फिरली तर स्टिक खराब. कुठलीही स्टिक एका ठरावीक स्लॉटमध्येच चुकत असेल तर स्लॉट किंवा सॉकेट. एएम५च्या, म्हणजे तुझा प्रोसेसर बसतो त्या, सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. प्रोसेसर बसवताना एखादी पिन वाकली किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला, तरी मेमरीची एक वाट रुसते. तेव्हा कूलर काढून पुन्हा बसवावा लागेल, नवी पेस्ट लावून, स्क्रू तिरपे तिरपे थोडे थोडे आवळत.

हे सगळं वहीत लिही. तारीख, कुठल्या स्टिक, कुठला स्लॉट, एक्स्पो चालू की बंद, निकाल. एका रात्री एकच बदल. कंटाळा येईल, पण ‘रॅम पण बदलली, ड्रायव्हर पण टाकला, बायोस पण अपडेट केला आणि आता चालतंय’ असं झालं की महिन्याभराने पुन्हा बंद पडल्यावर कुठून सुरुवात करायची तेच समजत नाही.

चौघी एकत्र चालत नाहीत असं ठरलं, तर पुढे दोन वाटा. मी तुझ्या जागी असतो तर एक जोडी परत केली असती, परत घेत नसतील तर विकली असती. ब्लेंडर शिकण्याच्या टप्प्यावर ३२ जीबी पुरे होते. कार्डावर रेंडर करणार असशील तर आधी अपुरी पडेल ती कार्डाची १२ जीबी मेमरी. एखाद्या प्रोजेक्टला खरोखरच ६४ लागत असेल तर चारही स्टिक ठेव आणि एक्स्पो बंद करून बोर्ड स्वतःहून जो वेग धरेल त्यावर चालव. रेंडरला फारसा फरक पडणार नाही, गेममध्ये थोडा पडेल. चारही आणि ६०००ही, हा हट्ट मात्र सोड. व्होल्टेज वाढवून वाढवून तो पुरवणारे लोक आहेत, पण त्यांना तोच छंद असतो. तुला सबमिशन आहेत. पुढेमागे ६४ घेशीलच, तेव्हा ३२-३२ची एकच जोडी घे.

मेमरी डिफॉल्टवर शांत झाली की बायोस अपडेट कर. सुरुवातीच्या आवृत्त्यांपेक्षा नंतरच्या बायोसमध्ये डीडीआर५ची जुळवाजुळव पुष्कळ सुधारली आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुझ्या मॉडेलची फाइल घे. मॉडेलच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी बोर्ड वेगळा असतो, तेव्हा नाव बोर्डावर छापलेलं वाच, बिलावरचं नको. आणि बायोस लिहिला जात असताना लाईट जाता कामा नये. तुमच्याकडे लाईट कधी जाते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

हे झाल्यावर चौथा फॉरमॅट. आता मार खुशाल. विंडोजची पेन ड्राइव्हही नव्याने, दुसऱ्याच कॉम्प्युटरवर बनव. मग एएमडीच्या साइटवरून चिपसेटचा ड्रायव्हर आणि एनव्हिडियाच्या साइटवरून कार्डाचा. ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नकोस.

आता संध्याकाळचा रिस्टार्ट.

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. रिस्टार्टच्या वेळेला ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद असेल. लोक ती बघून ‘पॉवरचा प्रॉब्लेम’ म्हणतात. ते बरोबर नाही. ती नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाली नव्हती. खरी माहिती तिच्या ‘डिटेल्स’मध्ये असते. तिथे बगचेककोड, म्हणजे ब्लू स्क्रीनचा क्रमांक, शून्य नसेल तर ब्लू स्क्रीनच आला होता, तुला दिसायच्या आत निघून गेला एवढंच. हा आकडा दशमान पद्धतीत असतो हे लक्षात ठेव: २६ म्हणजे तुझा तो मेमरी मॅनेजमेंट, ८० म्हणजे पेज फॉल्ट. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही. म्हणजे वीज तुटली, एसएमपीएस आपणहून बंद झाला किंवा पीसी जागच्या जागी गोठला. तुझं फटकन बंद होऊन चालू होणं पाहता मला तिथे शून्य अपेक्षित आहे.

आणि मग नजर जाते बाबांच्या यूपीएसकडे. ६०० व्हीए हा आकडा मोठा दिसतो, पण असे यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतात. मागचं लेबल वाच. हिशेब कर. कार्ड २०० वॅट. प्रोसेसरवर ६५ लिहिलेलं असलं तरी जोरात असताना तो ८८ पर्यंत घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून पन्नासेक धर. एसएमपीएसची स्वतःची गळती आणि मॉनिटर मिळव. सगळं एकदम जोरात आलं की भिंतीतून चारशेच्या आसपास ओढलं जातं. कार्ड तर क्षणभरासाठी आपल्या आकड्याच्या वर उसळीही मारतं. लाईट नीट असेतोवर यूपीएस हे आरपार जाऊ देतो. संध्याकाळी व्होल्टेज खाली आलं किंवा लाईटने नुसता डोळा मारला, की तो बॅटरीवर जातो आणि एवढं ओझं पाहून बसकण मारतो. त्यात बॅटरी जुनी. दुकानात बिलाच्या कॉम्प्युटरला तो पुरत असेल, त्यात त्याचा काही दोष नाही.

अजून एक बारकावा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना गुळगुळीत लहर न देता पायऱ्या-पायऱ्यांची देतो. हल्लीच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाची व्यवस्था असते, आणि अशा काही एसएमपीएसना ही पायऱ्यांची लहर मानवत नाही. बदल होताक्षणी ते बंद पडतात. म्हणून पुढे यूपीएस घेशील तेव्हा किमान ६०० वॅट पेलणारा आणि प्युअर साइन वेव्हचा घे. आधी नुसता व्हीएचा आकडा विचारू नकोस, वॅट विचार.

घ्यायच्या आधी मात्र तपास. चार-पाच संध्याकाळी पीसी यूपीएस सोडून थेट भिंतीतल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटला लाव आणि तेच गेम खेळ. रिस्टार्ट थांबले तर यूपीएसच. लाईट खरोखर गेली तर पीसी बंद पडेलच, ते हिशेबात धरू नकोस. सॉकेट निवडताना अर्थिंग बघून घे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हाताची मागची बाजू हलकेच लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर सॉकेटला तिसरी पिन नुसती नावाला आहे. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे बारीक कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट पत्र्याकडे सोडतात आणि तो अर्थिंगमधून निघून जाणं अपेक्षित असतं. वाट नसली की तो पत्र्यावरच थांबतो. करंट अगदी थोडा असतो, पण अशा घरात पीसी चिडचिडा होतो, यूएसबीवरची उपकरणं मधूनच तुटतात, आणि खरोखर कुठे वायर उघडी पडली तर वाचवायला कोणी नसतं. वायरमनला बोलव. हे काम तू व्हिडिओ बघून करायचं नाही.

थेट भिंतीवरही रिस्टार्ट होत राहिले तर एसएमपीएसच्या वायरी बघ. मदरबोर्डाची मोठी चोवीस पिनी, वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनी, आणि कार्डाची: तिन्ही काढून पुन्हा कडी बसेपर्यंत दाब. कार्डाला दोन कनेक्टर असतील तर एकाच वायरीला फुटलेली दोन टोकं वापरू नकोस, एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र वायरी आण. मित्राच्या एसएमपीएसची जादा वायर तुझ्या एसएमपीएसला लावायचा मोह झाला तर आवर. कार्डाकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची जुळणी कंपनीगणिक वेगळी असते आणि त्यात पार्ट जळतात. एसएमपीएसवरचं ‘गोल्ड’ वगैरे फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं, दणकटपणाबद्दल काही नाही. दुसरा एसएमपीएस उसना मिळाला तर, त्याच्याच वायरींसह, तो लावून बघणं हा सगळ्यांत खरा निकाल.

तापमानाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून एकदा बघ. तुझा प्रोसेसर ९५ अंशांजवळ पोचला की आधी वेग कमी करतो, लगेच मरत नाही. त्यामुळे मला तिकडे संशय कमी आहे. चालू केल्या केल्याच नव्वदी पार होत असेल तर कूलरच्या बुडाचं प्लॅस्टिक काढायचं राहिलंय का ते बघ. हसू नकोस, राहतं.

तुझ्या मित्राला सांग, की २०२४ साली इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांनी जगभर असाच उच्छाद मांडला होता. ते प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत आणि हळूहळू आतून झिजत. गेम उघडताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश येई, लोक ग्राफिक कार्ड बदलत, आणि दोषी प्रोसेसर असे. इंटेलने नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे आधीच झिजले ते मायक्रोकोडने बरे झाले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी एएमडीच्याही काही प्रोसेसरांना जास्तीच्या व्होल्टेजने जाळलं होतं आणि मग एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाच्या व्होल्टेजवर) १.३ची मर्यादा घालणारे बायोस आले. कंपनी बदलून सुटका नाही. त्या मित्राकडेच तेराव्या-चौदाव्या पिढीचा पीसी असेल तर त्याचा बायोस अद्ययावत आहे का ते त्याला विचार, तो जरा शांत होईल.

दुकानदाराशी भांडायला जायच्या आधी तुझी वही पूर्ण होऊ दे. स्टिक खराब निघाली तर मेमटेस्टच्या लाल पडद्याचा फोटो, त्यात एक्स्पो बंद असल्याचं दिसेल असा, सोबत जीएसटी बिल आणि सिरीयल नंबरचा फोटो. जोडी म्हणून घेतलेली रॅम जोडी म्हणूनच परत द्यायची असते, एकटी देऊ नकोस. मेमरीवर कंपन्या लांबलचक वॉरंटी देतात, त्यामुळे दुकानदाराने हात वर केले तरी कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे. तिथेही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण दोन्ही जोड्या एकेकट्या पास झाल्या तर यातलं काहीच करू नकोस, कारण तेव्हा तुझी तक्रारच उरत नाही. जादा जोडी परत घ्या म्हणून नीट बोलून बघ, थोडे पैसे कापून का होईना घेईलही.

बाबांना मेमटेस्ट चालू असताना एकदा पीसीसमोर बसव आणि काय चाललंय ते सांग. काहीच न बोलणारा माणूस पुष्कळदा विचारायचं कसं म्हणून थांबलेला असतो. यूपीएस परत दुकानात नेऊन ठेव, म्हणजे बोलायला निमित्तही होईल.

पुन्हा लिहिशील तेव्हा तीन गोष्टी पाठव: प्रत्येक रात्रीच्या निकालाची वहीतली पानं, बायोसची आवृत्ती, आणि कर्नल-पॉवर ४१च्या नोंदीतला बगचेककोड. ब्लू स्क्रीनचे फोटो नकोत.